दोन छोटे, एक लांब

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या जीप स्टँडवर स्टिअरिंगवर बसलो होतो. मागच्या तीन सीट भरायच्या राहिल्या होत्या. भाची वैशाली एवढंच म्हणाली, "मामा, आई गेली... छातीत दुखतंय म्हणाली आणि..." मी बसलेल्या सगळ्यांना उतरायला सांगितलं. शेणव्याच्या रस्त्याला लागलो आणि पहिल्या मोठ्या वळणावर सवयीने हात हॉर्नवर गेला. दोन छोटे, एक लांब. वाजवून झाल्यावर कळलं, हा हॉर्न जिच्यासाठी होता ती आता रस्त्यावर नाही. गाडी बाजूला घेऊन उभं राहावं लागलं.

त्याला आता सात आठवडे झाले. मी दहावी पास जीपवाला, लिहिण्याची मला सवय नाही. तेराव्याला आलेली माणसं सुमनताईंच्या हाताला किती गुण होता ते सांगत होती आणि मी मान डोलावत होतो. पण एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. ती गाळून ताईबद्दल चांगलं चांगलं लिहिलं तर ते खोटं होईल.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. शेणव्यात दिलेली आणि तिथूनच जवळच्या उपकेंद्रात नर्स. नव्वदच्या आसपास तिला नोकरी लागली. पाड्यापाड्यांवर जायचं तर सायकलशिवाय इलाज नव्हता, म्हणून सव्विसाव्या वर्षी शाळेच्या मैदानात ती सायकल शिकली. कॅरिअर धरून मागे धावणारा मी. बाकी सगळं तिला पटकन जमलं, पण सारखी मागे वळून बघायची आणि आपटायची. "पुढं बघ ना!" मी ओरडायचो. ती म्हणायची, "पुढचं दिसतंय रे. मागनं काय येतंय ते दिसत नाय, त्याचंच भ्या वाटतं."

ते भय तिचं कधीच गेलं नाही. शहापूरला बाजाराच्या दिवशी एकदा मी तिला हायवेच्या कडेला बघितलं. सायकलचं हँडल दोन्ही हातांनी गच्च धरून, ट्रकमागून ट्रक जाताना ती उभी होती. मी चहा प्यायलो, गाडी पुसली, तरी ती तिथेच. शेवटी जाऊन तिला पलीकडे नेलं तर तिचे तळवे ओलेचिंब. आमच्या आतल्या रस्त्यावर तर ती मागून कुठलाही आवाज आला की ब्रेक मारून उतरायची आणि सायकल घेऊन मुरमात उभी राहायची. जीप, टेम्पो, दुधाची मोटारसायकल, काही असो. आम्ही जीपवाले हसायचो. दशरथ नावाचा माझा जोडीदार म्हणायचा, "तुजी ताई बैलगाडीला पन सलाम करते रे."

पण लसीच्या दिवशी ह्या उतरण्या-चढण्यात तिचा फार वेळ जायचा. मागे ट्यूबच्या पट्टीने बांधलेला निळा डबा, त्यात बर्फ आणि लसीच्या बाटल्या. बर्फ वितळायच्या आत पाडा गाठायचा असायचा. एक दिवस मीच तिला म्हटलं, "ताई, असं करू. मी दोन छोटे आणि एक लांब असा हॉर्न देईन. तो ऐकलास की समज मी आहे. उतरू नको, मागं बघू नको, सरळ डांबरावरनं चालव. मी वळसा घालून जाईन."

"नक्की ना रे?"

"आईशपथ."

पहिल्यांदा तो हॉर्न वाजवला तेव्हा तिने खांदे आखडून अंग चोरलेलं मला लांबून दिसलं, पण ती उतरली नाही. मी लांबून वळसा घेतला. तिने डावा हात वर केला, तोही मागे न बघता. नंतर सगळ्याच जीपवाल्यांनी तो हॉर्न उचलला. 'नर्सताईचा हॉर्न' असं त्याला नावच पडलं, आणि आम्हाला त्याचा मोठा अभिमान. आठ वर्षं तिने त्या तीन आवाजांवर आपला जीव सोपवला होता. आता लिहिताना हे वाक्य मला वाचवत नाही.

तेव्हा आम्हा जीपवाल्यांची सीटसाठी मारामारी चालायची. फाट्यावर जो पहिला पोचेल त्याची गाडी भरणार. त्या दिवशी किन्हवलीचा बाजार होता आणि दशरथची जीप माझ्या मागे लागलेली. दुपारचे बारा वाजले असतील. मोरीच्या अलीकडच्या वळणावर मला ताई दिसली, निळ्या डब्यासह. मी हॉर्न दिला. दोन छोटे, एक लांब. ती डांबरावरच राहिली. मी वळसा घालायला गाडी उजवीकडे काढली आणि समोरून खडीचा ट्रक आला.

थांबता आलं असतं का? हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय आणि उत्तर दर वेळी तेच येतं. ट्रक दिसला तेव्हा ब्रेक मारून ताईच्या मागे राहता आलं असतं. पण मागे दशरथ होता, आणि एवढ्या फटीतून गाडी निघेल असं वाटलं. मी गाडी पुढे घुसवून डावीकडे घेतली. खट्ट असा बारीक आवाज झाला. मागची एक बाई म्हणाली, "कोनतरी पडली वाटतं गो..." मी म्हणालो, "उतरलीय ती. बाजूला उतरलीय." आरशात बघितलं. सायकल गटारात होती. ताई मुरमात गुडघ्यांवर बसून सांडलेल्या बाटल्या एका हाताने गोळा करत होती. बाटल्या उचलतेय म्हणजे ठीक आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. फाट्यावर पहिला पोचलो. गाडी भरली.

वळणामागून आलेल्या दशरथला ती पडलेलीच दिसली, त्याने तिला आपल्या जीपमधून दवाखान्यात नेलं. डावं मनगट मोडलं होतं. संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. दारात पोचायच्या आत ताईचा आवाज ऐकू आला. शेजारणीला सांगत होती, "बैल आडवा आला गो. मीच घाबरले." मला बघून ती थांबली. मग म्हणाली, "आलास? बस. चहा टाकते वैशाली." मी बसलो. चहा प्यायलो. बैल कोणाचा होता असंही वर विचारलं! ती म्हणाली, "काय माहीत रे. मी मागं बघितलंच नाय."

मला वाटलं, सुटलो. तिला कळलंच नाही. तो हॉर्न तर सगळेच वाजवतात.

प्लास्टर निघाल्यावर तिने सायकलच्या हँडलला स्कूटरचा एक गोल आरसा लावून घेतला. "आता मागचं दिसतं," एवढंच म्हणाली. पुढच्याच आठवड्यात ती मला रस्त्यावर दिसली. मी लांबूनच वेग कमी केला, हॉर्न दिला. तिने ब्रेक मारला, उतरली आणि सायकल घेऊन मुरमात उभी राहिली. मी बाजूने गेलो तेव्हा हसली, हातही वर केला. पण उभी राहून. त्यानंतर ती माझ्या हॉर्नवर दर वेळी उतरली. दहा वर्षं.

मी शर्यत सोडली. दशरथ चिडवायचा, "म्हातारा झालास काय?" रस्त्यावर सायकलवाल्याची पाठ दिसली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. हायवे रुंद झाला, तिथल्या वेगाला चटावलेल्या गाड्या आमच्या रस्त्यावरही तशाच घुसू लागल्या आणि लसीच्या दिवशी मी घड्याळ बघत राहायचो. फोन वाजला की पहिला विचार ताईचा. ज्या दिवशी खरंच तिच्याबद्दलचा फोन आला, त्या दिवशी रस्त्याचा काही संबंध नव्हता. ती घरात, खाटेवर गेली. मला क्षणभर हायसं वाटलं. हेही लिहून टाकतो.

जायच्या महिनाभर आधी मी एकदा धीर केला होता. ती ओटीवर सायकल पुसत बसली होती. म्हटलं, "ताई, तो बैल..." ती पुसायची थांबली नाही. "जुनं झालं ते. तू जेवून जा." बस्स. मी जेवलो आणि निघालो. कसला धीर!

तेराव्यानंतर वैशाली म्हणाली, "मामा, सायकल तुमी न्या. आई सांगून ठेवायची, ती मामाला द्या." मी ती जीपच्या टपावर बांधायला निघालो होतो, पण का कोण जाणे, जीप तिथेच ठेवली आणि सायकलवर बसलो. इतकी वर्षं त्या रस्त्यावर गाडी चालवली, पण तो रस्ता तिथून मी कधी बघितला नव्हता. डांबराची कड किती उंच आहे, मुरूम किती सरकता आहे, मागून येणारं इंजिन नक्की किती जवळ आहे हे कसं कळतच नाही... पाठ सगळी उघडी पडल्यासारखी वाटत होती. मोरीच्या अलीकडे मागून हॉर्न आला. दोन छोटे, एक लांब. कोणीतरी जीपवाला ताईची सायकल ओळखून सवयीने वाजवत होता.

माझे हात ओले झाले. मी आरशात बघितलं. जीप मोठी होत आली आणि काचेमागे दशरथचं तोंड मला दिसलं. मिशीसकट, स्पष्ट. म्हणजे ह्या आरशात ताईला दर वेळी माझं तोंड दिसत होतं. मी आहे हे तिला कळायचं, आणि कळल्यावरच ती उतरायची.

मी ब्रेक मारला, उतरलो, आणि सायकल घेऊन मुरमात उभा राहिलो.