लेकीचं लाल कार्ड

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासते. सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी शिबिरं असली की तिथंही जाते. लग्न ठरलेल्या पोरापोरींना दटावते, ‘आधी कार्डं जुळवा, मग हळद लावा.’ कारण पिवळं कार्ड म्हणजे रक्तात नुसता दोष. पण नवराबायको दोघंही पिवळे असले, तर लेकराच्या वाट्याला लाल कार्ड, म्हणजे खरा आजार येऊ शकतो. स्वतःच्या लग्नात मात्र मी कार्ड काढलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

लेक चौदा महिन्यांची झाली आणि तिचे हातपाय सुजले. ही सूज मी कितीतरी लेकरांच्या हातांवर पाहिली होती, ओळखायला क्षणही लागला नाही. तरी मी तिला रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला नेलं. मंडळीनं तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. सासूबाई हळूच म्हणाल्या, “एकदा तपासी ले ना.” मी ताठ मानेनं म्हटलं, “मना प्रभूवर भरोसा शे.” सगळे आमेन म्हणाले, माझ्या विश्वासाचं कौतुक झालं. मला घरी येईपर्यंत लाज वाटत राहिली. माझ्या पोटात नुसती भीती होती, आणि तिलाच मी देवाचं नाव दिलं होतं. कागदावर येत नाही तोवर आजार नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती.

दुसऱ्या दिवशी नवरा आणि सासूबाई दोघंही केळीच्या कापणीला गेले, म्हणून लेकीला कामावर घेऊन गेले. नातीच्या गोळ्या न्यायला आलेली एक म्हातारी अक्का, ओळख ना पाळख, रडणाऱ्या लेकीपाशी येऊन बसली. तिनं ती सुजलेली बोटं आपल्या तळहातावर घेतली.

“मनी नातना हात बी असाच सुजेल व्हतात. इनं रक्त तपासं का?”

“प्रार्थना चालू आहे,” मी म्हणाले.

“ती कर. पन देवनी तुले हाई काम कसाले दिधं मंग?”

मी सुई आणि तपासणीची नळी काढली. अक्कानं लेकीला मांडीवर धरलं, मी बोट टोचलं. रक्ताचा थेंब टाकल्यावर नळीतलं पाणी गढूळ झालं, मागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनात, म्हणजे रक्तात सिकलसेल होता. मी तिथंच खाली बसून रडले. डोळे पुसून पाहते तर अक्का लेकीला थोपटत होती. मग गोळ्या घेऊन ती निघून गेली, पुन्हा कधी दिसली नाही. तिला प्रभूनं पाठवलं असं मी मानते; कुणाला पटवायला जात नाही.

पुढच्या मोठ्या तपासणीत तो नुसता दोष नाही, खरा आजारच निघाला. आम्ही दोघं पिवळे निघालो. लेकीचं लाल कार्ड मी माझ्या हातानं भरलं.

लेक बरी झालेली नाही. गार वारं लागलं की दुखणं उठतं. तरी मी प्रभूचे आभार मानते, कारण औषध वेळेत सुरू झालं, आणि माझं खोटं सुटलं. आधी मी त्याला एवढंच विनवायचे, ‘तसं नसू दे.’ त्या प्रार्थनेत माझं लेकरू कुठंच नव्हतं. आता तिला छातीशी धरते आणि सांगते, ‘प्रभू, आज हिचा डावा पाय दुखतोय. इथंच बस.’