डाव्या दिव्याचा बिघाड

शनिवारी सकाळी आठला आम्ही विरारहून निघालो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. यांना सगळे नाना म्हणतात, म्हणून मीही इथं नानाच लिहिते. आधी वसई फाट्याला टायरवाल्याकडे, तिथून नायगावला, मग वसई गावात आणि शेवटी पाचूबंदरला, असा बेत होता. एवढ्याशा फेरीला प्रवास म्हणायचं का, असं तुम्ही विचाराल. मी चारधाम करून आले, पण जशी गेले तशीच परत आले होते. या फेरीचं तसं झालं नाही.

गाडी आमची सात वर्षांची. मोटार म्हणावी तर उंच, जीप म्हणावी तर बुटकी. विकणारा तिला क्रॉसओव्हर म्हणाला होता; नाना ‘आपली उंच गाडी’ म्हणतात. तीन आठवड्यांपूर्वी तिन्हीसांजेला वसईच्या किल्ल्याजवळ या गाडीनं एका माणसाला धडक दिली. पास्कल त्याचं नाव. पाचूबंदरचा, दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. सायकल हातात धरून रस्त्याच्या डाव्या कडेनं चालला होता. पाय दोन ठिकाणी मोडला. नानांनीच त्याला उचलून इस्पितळात नेलं आणि नंतर चौकीवर जाऊन जबाबही दिला. जबाबात लिहून दिलं की डावा दिवा आधीच बंद पडला होता, म्हणून माणूस दिसला नाही. धडकेत तो दिवा फुटलाच होता. आधी जळत होता की नव्हता, कोण सांगणार? मी त्या दिवशी गाडीत नव्हते.

मग नवा दिवा बसवला. तरी नाना म्हणत, “डावीकडे अंधारच पडतो गं. वायरिंगमध्येच काहीतरी आहे.”

सोमवारपासून नानाच पुन्हा नातीला शाळेत सोडणार होते. जावई म्हणाले, “नाना, आधी गाडी नीट दाखवून घ्या, मग न्या तिला.” म्हणून ही शनिवारची फेरी. बिघाड सापडला की मेस्त्रीकडून तसं लिहून घ्यायचं, पास्कलला दाखवायचं, आणि सोमवारी पोरीला गाडीत बसवायचं. बिघाड सापडायलाच हवा होता. नाही सापडला तर काय, हे आम्ही दोघांनीही बोलायचं टाळलं होतं.

वसई फाट्याला ट्रकांचा धुरळा एवढा की पदर नाकाला लावूनच मी उतरले. गाडीत टायरच्या हवेचा पिवळा दिवा गेला महिनाभर पेटलेला होता. टायरवाल्यानं पुढचं डावं चाक काढलं, साबणाच्या पाण्यात फिरवलं, बुडबुडे दाखवले. मग वाकून मागचंही पाहिलं.

“काका, गाडी कोण चालवतं?”

“मीच. पन्नास वर्षं चालवतोय.”

“डावीकडची दोन्ही चाकं फुटपाथला घासून सोललीत. उजवीकडची बघा, नव्यासारखी आहेत.”

“मग फुटपाथ काय उजवीकडं असतो?” नाना म्हणाले.

टायरवाला हसला, मीही हसले. नानांचं बोलणं पहिल्यापासून असं बिनतोड. डावीकडचे दोन्ही टायर बदलले, हवेचा दिवा विझला. “झाला एक बिघाड कमी,” नाना म्हणाले आणि बोटावर मोजून पुढं निघाले.

नायगावला मी पंधरा वर्षांत उतरले नव्हते. तेव्हा नुसती मिठागरं होती आणि खाडीचा वास. आता मिठागरांच्या डोक्यावर तीस-तीस मजल्यांच्या इमारती, आणि खाली गाड्यांच्या सामानाची दुकानं. त्यातल्या एकात कॅमेरे, सेन्सर, दिवे असं सगळं मिळतं. दुकानदार तिशीतला, जिभेवर साखर ठेवून बोलणारा. त्यानं गाडीच्या नाकाखाली डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

“अंकल, डाव्या सेन्सरची ही वायर कुणी तोडली?”

“मी. उगाच कोकलायचा. डावीकडं काही नसतानाही.”

दुकानदारानं वायर जोडली, एक झाडू घेतला आणि डावीकडून हळूहळू गाडीजवळ आणला. सेन्सर वाजायला लागला. झाडू लांब नेला, गप्प झाला. दोनदा, तीनदा.

“बरोबर वाजतोय की अंकल. हा बिचारा खोटं नाही बोलत.”

मग दुकानदारानं त्याचा माल दाखवायला घेतला. पांढऱ्या झोताचे दिवे, नवा कॅमेरा, गाडी मागं घेताना पडद्यावर दिसणाऱ्या रंगीत रेघा. “हे दिवे लावा, अंधार राहणारच नाही,” तो म्हणाला. ते ऐकून नानांचा चेहरा उजळला. मी बाहेर टपरीवर चहात पाव बुडवत बसले आणि काचेतून बघत राहिले. नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखे ते एकेक बटण दाबून पाहत होते. सेन्सर खरं बोलत होता, तर वाजत होता तेव्हा डावीकडं काय होतं?

नानांनी नवे दिवे बसवून घेतले. त्यांचा फोकस लावावा लागतो (झोत नेमका रस्त्यावर पडेल असा दिवा वळवून घेणं). त्यासाठी दुकानदारानंच आम्हाला वसई गावात इनास मेस्त्रींकडे धाडलं. चिंचेखाली पत्र्याची शेड, आत साठी उलटलेले मेस्त्री, गळ्यात क्रूस, बोलणं मोजकं. रिक्षांचे दिवे, होड्यांचे दिवे, सगळं तेच बघतात. हल्ली फोकस लावायला यंत्रं निघालीत, पण इनास मेस्त्री भिंतीवर लावतात. चुन्यानं रंगवलेली भिंत, मधोमध काळी फुली. गाडी फुलीसमोर उभी करायची, शटर ओढून अंधार करायचा, मालकाला स्टिअरिंगवर बसवायचं, आणि मेस्त्री कोळसा हातात घेऊन भिंतीलगत चालणार. “ज्याला चालवायची, त्याच्याच डोळ्यानं लागला पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं.

“फुलीवरनं नजर हलवायची नाही,” मेस्त्री म्हणाले. “मी झोताच्या बाहेर गेलो की ‘बस’ म्हणा.”

ते उजवीकडं चालत गेले. झोत संपला तिथं नाना “बस” म्हणाले. मेस्त्रींनी रेघ मारली. बरोबर. मग फुलीपाशी परत येऊन डावीकडं निघाले. दोन पावलं झाली.

“बस.”

मेस्त्री थांबले. “बस म्हणालात?”

“हो. गेलात ना बाहेर.”

मी मागच्या सीटवर होते. मेस्त्री भर उजेडात उभे होते. त्यांच्या शर्टाची बटणं मला मोजता आली असती. त्यांनी हात वर केला, हलवला.

“हात दिसतो का, नाना?”

“कुठला हात? तुम्ही आहात कुठं मेस्त्री?”

मेस्त्रींनी तिथं रेघ मारली. मग चालत चालत झोत खरोखर संपत होता तिथपर्यंत गेले आणि तिथं दुसरी मारली. दोन रेघांमध्ये एक माणूस सायकल घेऊन आरामात उभा राहिला असता. मेस्त्री फुलीवर परत आले, म्हणाले, पुन्हा एकदा करू. पुन्हा तेच झालं.

नाना उतरले, भिंतीजवळ गेले, मान वळवून दोन्ही रेघा पाहिल्या. उजेड लांबच्या रेघेपर्यंत पसरलेला होता.

“आत्ता वायर हलली असेल,” ते म्हणाले. “मेस्त्री, एवढं लिहून द्या, डाव्या दिव्यात बिघाड होता म्हणून.”

“दोन्ही दिवे चांगले आहेत. मी काय लिहू?”

“आधी चांगला नव्हता असं लिहा.”

“आधीचा मी बघितला नाही.”

मेस्त्रींनी शटर उघडलं, हात पुसले आणि माझ्याकडं वळून, पण नानांना ऐकू जाईल असं बोलले, “बाय, यांना डॉक्टरला दाखवा. गाडी आज इथंच राहू दे.”

नानांनी चावी खिशात टाकली. “जेवून येतो आणि गाडी घेऊन जातो,” म्हणाले.

जवळच एक खानावळ होती. दोन ताटं आली. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, आमटी, आणि ताटाच्या डाव्या बाजूला रीतीप्रमाणे चटणी, लिंबाची फोड, कांदा. नानांनी बोंबील खाल्ला, भाकरी मोडली, मग इकडं तिकडं बघत म्हणाले, “इथं चटणी देत नाहीत काय?”

माझा घास हातातच राहिला. आमच्याकडं चटणी, कोशिंबीर, लोणचं सगळं पानात डावीकडं वाढतात, हे तुम्हाला सांगायला नको. कित्येक महिने नानांच्या पानातली डावी बाजू जशीच्या तशी परत येत होती. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून हे रुसलेत, असं मी धरून चालले होते. त्यावरून भांडलेही होते. “नको असेल तर सांगा, वाढून फुकट कशाला घालवू,” असं म्हणून मधले काही दिवस मी ती बाजू वाढलीच नव्हती. त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि मला वाटलं होतं, मीच जिंकले.

मी त्यांचं ताट अर्धं फिरवलं. चटणी उजवीकडं आली.

“ही कधी वाढली?”

“पहिल्यापासून होती.”

नानांनी ताटाकडं पाहिलं. मग स्वतः ते पुन्हा होतं तसं फिरवलं. थोडा वेळ समोर बघत बसले. परत फिरवलं. असं तीनदा केलं. वाढपी जवळ येऊन म्हणाला, “काका, काही पडलंय का ताटात?”

“नाही रे बाबा. सगळं आहे.”

मग त्यांनी खिशातून चावी काढून माझ्यापुढं ठेवली. “मेस्त्रींना देऊन ये,” म्हणाले. जेवण तसंच राहिलं. मी चावी देऊन आले तेव्हा ते पैसे चुकते करून बाहेर उन्हात उभे होते.

पाचूबंदरला आम्ही रिक्षानं गेलो. मासळीचा लिलाव कधीच उरकला होता. ओल्या फरशीवर बर्फाचे तुकडे विरघळत पडले होते, काठीवर बोंबील वाळत होते. पास्कलचं घर होड्यांच्या मागच्या गल्लीत. तो ओसरीवर खाटेवर पडलेला, पायातून लोखंडी सळ्या बाहेर आलेल्या. त्याची बायको फिलोमिना जाळ्याची गाठ सोडवत होती. तिनं आम्हाला पाणी दिलं, बसा म्हणाली नाही.

नाना उभ्यानंच बोलले. “पास्कल, दिवा बंद नव्हता. दिवा चालू होता. मला डावीकडचं दिसत नाही. आज कळलं.”

पास्कल कोपरावर टेकून थोडा उठला. मग म्हणाला, “मी फादरला पन सांगितलं, मीच मधी आलो असन. काला शर्ट होता माजा.”

“तू मध्ये नव्हतास. कडेनंच चालला होतास.”

“तीन आठवडं हा मानूस सोताला बोल लावतोय,” फिलोमिना म्हणाली. जाळं तिनं खाली ठेवलं. “रातचा उठून बसतो, बोलतो, मी कसा मधी गेलो गो. आनि तुमाला आज कललं.”

“हो.”

“पायाचं काय? म्हावरं (मासळी) हाय दर्यात, आनि हा खाटंवर.”

औषधपाण्याचं आम्ही बघूच, असं मी काहीतरी पुटपुटले. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

“कागदावर लिवलंय ना तुमी, दिवा बंद व्हता. तो कागद पहिला बदला.”

“जाऊ दे गो,” पास्कल म्हणाला.

“का म्हनून जाऊ दे?”

तिचं बरोबरच होतं. आम्ही तिथून थेट चौकीवर गेलो. हवालदार ओळखीचे झाले होते. त्यांनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. “नाना, हे लिहिलंत तर सगळं तुमच्या अंगावर येईल. विचार करून सांगा.”

“अंगावर आहेच. लिहा. दिवा चालू होता.”

नानांनी तिथल्या तिथं सही केली. सही मात्र कागदाच्या पार उजव्या कडेला, रेघेच्या बाहेर गेली. हवालदारांनी बोट ठेवून जागा दाखवली, तेव्हा दुसरी केली.

विरारच्या बसमध्ये जागा मिळाली. नानांनी तिथूनच जावयांना फोन लावला. “सोमवारपासून पोरीला व्हॅन लावा. का ते घरी आल्यावर सांगतो.” मग फोन माझ्याकडं दिला आणि डोळे मिटून घेतले.

मी खिडकीतून बघत विचार करत होते. टायरवाल्यानं टायर बदलले, दुकानदारानं वायर जोडली, मी पानातली डावी बाजू वाढणं बंद करून पाहिलं. ज्यानं त्यानं आपापल्या हातातलं दुरुस्त केलं, आणि कुणाचंच काही चुकलं नाही. या सगळ्यात चाळीस वर्षं समोर बसून जेवणारी मीच होते. मला एकदा तरी विचारता आलं असतं, चटणी नको आहे की दिसत नाही. पास्कलचा पाय जुळेल की तो आयुष्यभर लंगडेल, हे इस्पितळातले डॉक्टर अजून सांगत नाहीत. नानांच्या मेंदूतली एखादी बारीक शीर बंद पडली असेल, असं आमच्या डॉक्टरांनी, बसमधूनच मी फोन केला तेव्हा, सांगितलं. सोमवारी तपासणी आहे. नजर परत येते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, आधी तपासू.

सोसायटीच्या फाटकात वॉचमन उभा होता. आम्हाला पायी येताना पाहून त्यानं रस्त्याकडं नजर टाकली.

“नाना, गाडी कुठं? दुरुस्त झाली नाही काय?”

“झाली,” नाना म्हणाले. “म्हणूनच आणली नाही.”