सुमनला हात लावायचा नाही

आश्रमशाळेत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, कौलांवर शेवाळ धरावं तसे ते आपसूक साठतात. खोडाळ्याजवळच्या आमच्या शाळेत मी मुलींची अधीक्षिका होते. आता मैत्रिणी भेटल्या की माझी गाडी सुमनवर येऊन थांबते. ऑटिझम हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. हात लावला की पोर किंचाळते, एवढंच आम्हाला ठाऊक.

*

एकदा तपासणीला साहेब आले. 'जेवण कसं आहे?' विचारलं की 'छान' म्हणायचं, हे मुलींकडून घोकून घेतलं होतं. साहेबांनी नेमकं सुमनला विचारलं.

"मीठ नाय."

साहेबांनी वरण चाखलं. खरंच नव्हतं!

ते गेल्यावर हेडमास्तर माझ्यावर भडकले. "बाई, हिला घरी पाठवून द्या."

*

घरी म्हणजे कुठे? बाप नव्हता. दिवाळीनंतर आई भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, ती होळीलाच परत. माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली बिचारी. "बाई, तिकडं नेली त भट्टीत पडंल ही. तुमच्याजवळच राहू द्या."

मी हेडमास्तरांशी कडाकडा भांडले. सुमन राहिली.

*

सातवीत पाळी सुरू झाली आणि सगळंच बिनसलं. सकाळी हसायची, दुपारी भिंतीवर डोकं आपटायची. आईने भगत आणला. त्याने सुपात तांदूळ पसरून मंत्र सुरू केला. सुमन पुढे बसली आणि त्यातल्या कण्या वेचायला लागली. सगळं सूप निवडून होईपर्यंत भगत तिचे हात बघत राहिला. मग उठला आणि म्हणाला, "अंगात वारंबिरं काय नाय. पोर कामाची हाय."

*

जव्हारच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. स्वयंपाकाच्या ठकीमावशी म्हणाल्या, "बाटली कशाला? या वयात आपण रडलो नाय का? आपण गोधडीत रडलो, ही अंगणात रडते."

मला ते पटलं. फार वाईटही वाटलं.

*

त्याच साली होळीच्या तोंडावर निरोप आला. भट्टीवर तापाने तिची आई गेली. मी सुमनला जवळ बसून सांगितलं. तिने ताट पुढे केलं आणि भात मागितला. मुली कुजबुजल्या, "हिला काळीजच नाय." मला तो घास बघवला नाही.

होळीला आया मुलींना न्यायला आल्या. इथली रीत अशी की आई आली की आधी पोरीला उन्हात बसवणार, केस सोडून उवा बघणार, मग घरच्या गप्पा. सुमनला आईचा हात तेवढा चालायचा. त्या दिवशी सगळं अंगण आयांनी भरलेलं. सुमन त्यांच्यामधून दोनदा फिरून आली. मग माझ्यापुढे पाठ करून बसली आणि तिने रिबीन सोडली.

माझा हात काही पुढे होईना.

"बघ," ती म्हणाली.