इन्शिराह आत्याचा पहिला मासा

आमच्या नबरूह गावात फसीख, म्हणजे खारवलेली बोय मासळी, विकणाऱ्याने वसंताच्या सणाला सकाळी पहिला मासा गिऱ्हाइकांसमोर स्वतः खायचा असतो, आणि तोही अख्खा. मिठात घातलेली बोय नीट मुरली नाही तर माणूस दगावतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक. नवरा गेल्यापासून इन्शिराह आत्याने हा मासा कधी चुकवला नव्हता.

गेल्या वर्षी तिने तो खाल्ला, वर आणखी दोन खाल्ले. दुसऱ्या दिवशी तिला आडवं पडता येईना. श्वास लागला, तोंडाशी गुलाबी फेस आला. दारात अँब्युलन्स उभी राहिली आणि गावभर झालं की तिच्याच माशाने इन्शिराहचा घास घेतला. उरलेल्या पिंपांकडे कोणी फिरकलं नाही.

माशात दोष नव्हता. मी इस्पितळात मशीन लावून लोकांची हृदयं पडद्यावर बघतो. आत्याचंही मीच पाहिलं. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला, औषध कधी घेतलेलं नाही, त्यामुळे डावा कप्पा ताणून सैल झाला होता. उजवी बाजू फुप्फुसांकडे रक्त पाठवत होती, पण तिथून आलेलं रक्त पुढे ढकलायला डाव्या बाजूत जोर नव्हता. मग रक्त मागे तुंबायचं आणि त्यातलं पाणी फुप्फुसांच्या बारीक फुग्यांत झिरपायचं. जिथे हवा हवी तिथे पाणी. त्यात मीठ खाल्लं की शरीर आणखी पाणी धरून ठेवतं.

हे मी तिला चित्र काढून समजावलं. तिने चित्राची घडी केली आणि लिंबांच्या टोपलीखाली सरकवली. "वगीह, मिठात माझा जन्म गेला. आता मीठ मला खाणार होय?"

यंदा सणाच्या दीडेक महिना आधी तळ्यावरून ताज्या माशांची गाडी आली तेव्हा मी दुकानात होतो. आत्या एकेका माशाच्या पोटावर अंगठा दाबत होती. मांस उसळून वर आलं तर टोपलीत, खळगा राहिला तर मासा परत. तिच्या सुजलेल्या पायांत चपलेचे पट्टे रुतले होते. मी खाली वाकलो आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला.

"काय करतोस रे गाढवा?"

"बघ."

खळगा तसाच राहिला. मग तिने स्वतः शेजारी दाबून पाहिलं. तिथेही खळगा.

"असा मासा आला असता तर गाडीवाल्याच्या अंगावर फेकला असता," ती म्हणाली. तिने टोपली बाजूला सारली. "बोल, काय करायचं?"

तेव्हापासून गोळ्या वेळेवर, भाकरी बिनमिठाची. रोज सकाळी ती मासे तोलायच्या काट्यावर उभी राहायची आणि मुलीला विचारायची, "नगला, आज बोय किती भरली?" वजन एकदम चढलं की नगला मला फोन करायची. पायांची सूज उतरली. सणाचा प्रश्न मात्र तसाच होता.

"नाही खाल्लं तर म्हणतील, स्वतःच्याच मालाला भ्याली," आत्या म्हणाली. "खाल्लं तर पुन्हा तुझ्या मशीनवर. आणि दुकान मी बंद करणार नाही."

"नगला खाईल. तू आत बस."

"पोरीला पुढे करून लपू? मी दारातच उभी राहणार."

सणाच्या सकाळी दारात गर्दी झाली. पुढे भाकरीच्या भट्टीचा मालक अब्दुल-मौला. आत्याने पिंप उघडलं, मासा वर्तमानपत्रावर ठेवला आणि हात पुसले.

"काय नगलाची आई, यंदा भूक नाही वाटतं?" अब्दुल-मौला म्हणाला. मागे हशा पिकला.

"भूक आहे रे, छातीत जोर नाही. माझं हृदय सैल झालंय. मीठ खाल्लं की अंगात पाणी साठतं आणि फुप्फुसात चढतं. गेल्या वर्षी मी घरात, कोरड्या अंथरुणावर बुडत होते. मासा चांगला होता, मला मीठ भोवलं. यंदाचं प्रत्येक पिंप मी हुंगलंय, दाबून पाहिलंय. हा मासा माझी मुलगी आणि माझा भाचा खातील. माझं यांच्याहून जवळचं कोणी नाही." ती थांबली, दम घेतला. "आणखी एक. ज्याच्या पायात बोट रुततं, ज्याला उशांवर उशा रचून झोपावं लागतं, त्याला मी आज फसीख देणार नाही. दुप्पट पैसे दिले तरी नाही."

नगलाने मासा फाडला, लिंबू पिळलं. मला फसीख लहानपणापासून आवडत नाही. त्या दिवशी अर्धा मासा संपवला, डोळ्यांतून पाणी आलं तरी.

अब्दुल-मौला आमच्याकडे बघत होता. मग तो हळूच वाकला आणि पायघोळ जुब्बा वर करून स्वतःची नडगी दाबली. त्याच्यामागे आणखी दोघे वाकले. त्यातला एक म्हातारा पायावर राहिलेला खळगा बघून रांगेतून बाजूला झाला. आत्याने खूण केली तसा मी त्याला आत नेऊन बसवलं.

"माझा पाय टणक आहे," अब्दुल-मौला म्हणाला. "दे दोन किलो. पण मेलो तर माझ्या मयतीला यावं लागेल."

"येईन की," आत्या काटा पुढे ओढत म्हणाली. "पण मी सावकाश चालत येणार. खांदा देणाऱ्यांना सांगून ठेव, माझ्यासाठी थांबा म्हणावं."