मोरचूद, चुना आणि मामांची सुरी

माझ्या बायकोच्या मामांइतका पुराव्याला चिकटलेला माणूस सबंध रायगड किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. अलिबागच्या कोर्टात कारकुनी करण्यात जन्म घालवून ते श्रीवर्धनजवळच्या आपल्या आंब्याच्या वाडीत परतले, तेव्हा कोर्टाने त्यांना निवृत्त केलं होतं. त्यांनी कोर्टाला केलं नव्हतं. झाडाला रोग झालाय, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नसे. "आरोप आहे म्हणा," असं ते दुरुस्त करायचे. माणगावला आमच्या अंगणातल्या कलमाची पानं काळी पडली, तेव्हा करपा रोग समजून मी दुकानातून बुरशीचं महागडं औषध आणून ठेवलं होतं. मामा एसटीने आले, चहाही न घेता झाडाशी गेले, बोट जिभेला लावून त्यांनी एक पान घासलं आणि काळं बोट माझ्या नाकासमोर धरलं. "पुसलं गेलं ना? मग ही काजळी. तुडतुडे पानावर चिकट घाण करतात, तिच्यावर ही बसते. करप्याचा डाग पुसला जात नाही, जावईबापू. तुडतुडे धरा, हिला सोडा." मग त्यांनी ते बोट आमच्या नव्या पडद्याला पुसलं. तो डाग मात्र करप्याच्या जातीचा निघाला.

गुन्हा शाबीत झाला, की शिक्षा ते स्वतः तयार करत. विकतच्या औषधावर त्यांचा विश्वास नव्हता. एका बादलीत मोरचूद, दुसरीत कळीचा चुना भिजवायचा, आणि दोन्ही पाणी एकाच वेळी, एकाच धारेने तिसऱ्या बादलीत ओतायचं. धातूचं भांडं चालत नसे, त्यामुळे मामींच्या न्हाणीघरातल्या सगळ्या प्लास्टिकच्या बादल्या निळ्या झाल्या होत्या. "आमच्याकडे पाहुणे आंघोळ करून बाहेर येतात ते देवासारखे दिसतात," मामी म्हणायच्या. मिश्रण झालं की लोखंडी सुरी त्यात बुडवून मामा उन्हात धरत. पात्यावर तांबूस झाक आली तर चुना कमी, असल्या मिश्रणाने पानं जळतात. पातं स्वच्छ निघालं तर मंजूर. एकदा एका शिबिरात त्यांना प्रात्यक्षिकाला बोलावलं होतं. प्रमुख पाहुणे उशिरा आले, शाल, श्रीफळ, मनोगत, अध्यक्षीय समारोप असं सगळं यथासांग चाललं. मामा दीड तास बादलीजवळ उभे होते. शेवटी ते पुढे झाले आणि भर भाषणात म्हणाले, "साहेब, भाषण उद्याही चालेल. हे मिश्रण उद्या चालत नाही." आणि बादल्या उचलून ते फवारायला निघून गेले. मागून निम्मा मांडव गेला.

असा हा कडक माणूस एकाच झाडाच्या बाबतीत पाघळला. मागे ते मोठं वादळ आलं, त्यात मामांच्या वाडीतले बारापैकी अकरा आंबे एका दुपारी आडवे झाले. विहिरीजवळचा एक उभा राहिला. पुढच्या एका पावसाळ्यात त्याच्या एका फांदीची पानं पिवळी पडली, सालीवर गुलाबी बुरशी दिसू लागली, साल तडकली. ही फांदीमर होती. हे मलासुद्धा कळलं, कारण मामांनीच मला शिकवलं होतं: दिसेल तिथून वीतभर खाली, चांगल्या लाकडात कापायचं, कापलेलं जाळायचं आणि जखमेवर दाट मिश्रणाचा लेप द्यायचा. दुसऱ्यांच्या झाडांवर ते अशी करवत त्याच दिवशी चालवत. या झाडाची साल त्यांनी नखाने खरवडली आणि म्हणाले, "आत अजून हिरवं आहे. पुढल्या सोमवारी पाहू." पुढल्या सोमवारी आणखी पुढला सोमवार आला. बुरशी मात्र एकाही तारखेला गैरहजर राहिली नाही. ती फांदीवरून खाली उतरत, खोड दुभागतं त्या दुबेळक्यापर्यंत आली.

"अहो, वादळाने सोडलं ते तुमच्या तारखांनी मरायचं आता," मामी म्हणाल्या. त्यांनी करवत आणून मामांच्या मांडीवर ठेवली.

मामांनी करवत हातात घेतली. "एक फांदी गेली असती," ते म्हणाले. "आता अर्धं झाड जाणार. चूक माझी आहे." मग त्यांनी पुढची तारीख दिली नाही. झाड कापणाऱ्या गड्याला वर चढवलं, खुणा स्वतः दाखवल्या, आणि अर्धं झाड खाली आल्यावर लेप स्वतःच्या हाताने लावला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या थोटक्या खोडावर पालवी फुटली, तांबूस, लकलकीत. मामांनी मला फोन केला. "जावईबापू, तांबूस झाक आलीय. पण ही चालते."

मामा जाऊन आता दोन वर्षं झाली. यंदाच्या पावसात श्रीवर्धनला गेलो होतो, तेव्हा विहिरीजवळच्या आंब्याची एक बारीक फांदी पिवळी दिसली. मामी दारातूनच म्हणाल्या, "आज, की पुढची तारीख?"

"आजच," मी म्हणालो.

फांदी कापली. दोन निळ्या बादल्या तिसरीत एका धारेने ओतल्या. सुरी बुडवून बाहेर काढली. पातं स्वच्छ होतं. शेवटच्या वर्षांत मामा पडवीतल्या झोपाळ्यावर बसूनच पातं तपासायचे; त्या सवयीने ते मी झोपाळ्याकडे वळवून, उन्हात तिरपं करून धरलं. झोपाळा रिकामा होता, हे ठाऊक होतं. तरी मंजूर म्हणायला कोणीतरी हवं, म्हणून मी क्षणभर तसाच उभा राहिलो.

"ठीक आहे," मागून मामी म्हणाल्या. "लावा आता. उद्या चालत नाही ते."