माहेरचा रकाना

गावच्या देवीचं देऊळ नवं बांधून झालं आणि कळस चढवायचं ठरलं, तेव्हा पंचांनी लेकींना पत्रं घालायचं काम माझ्याकडं दिलं. लेकी म्हणजे गावातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या सगळ्या. मग ती परवा गेलेली असो, नाहीतर नातवंडांची आजी झालेली असो. आमच्या जोयडा भागातल्या गावांत कळसाला लेकी आल्या नाहीत तर देऊळ पुरं झालं असं आम्ही धरत नाही. त्या दिवशी ढोल आधी घराघरापुढं येतात. त्या घरचा भाऊ हातात नारळ घेऊन पुढं चालतो, मागनं घरच्या लेकी, आणि असं एकेक घर मिळत मिळत सगळी मिरवणूक देवळाकडं जाते.

काम माझ्याकडं आलं कारण मला कॉम्प्युटर येतो. येतो म्हणजे कसा, शाळा तर माझी सातवीलाच सुटली. पुढं महिला मंडळात एक कॉम्प्युटर आला, त्याच्यावर फुलाफुलाचं कापड घालून ठेवलेलं. सगळ्याजणी त्याला हळदीकुंकू लावायच्या आणि लांब सरायच्या. मी कापड काढलं, एवढंच. बाकी चुकत चुकत आलं. सून दांडेलीला नोकरीला आहे, ती सुट्टीला आली की अडलेलं सांगायची. आता तिचाच जुना लॅपटॉप माझ्याकडं आहे. करंट असला की काम चालतं, गेला की मी निवडायचे तांदूळ घेऊन बसते.

मेल मर्ज म्हणतात त्यात अवघड काही नाही बघा. पत्र एकदाच लिहायचं आणि नाव, गाव यायचं तिथं खूण ठेवायची. कॉम्प्युटर तक्त्यातून एकेक नाव उचलतो आणि त्या खुणेवर घालत जातो. पंगतीत वाढपी फिरतो ना, वाढणं तेच, पुढचं माणूस वेगळं, तसंच.

माझ्याकडं तक्ते दोन होते. एक लेकींचा. तो आम्ही बायकांनी देवळाच्या कट्ट्यावर बसून आठवून आठवून केला होता, कोण कुठं दिली, कुणाची कितवी लेक, भांडत भांडत. दुसरा घरांचा, तो पंचांनी दिला. देवळाच्या कामाला घरटी एक माणूस द्यायचा असं ठरलं होतं, त्याची ती यादी. त्यात घरचा कर्ता कोण ते होतं. दोन्हीकडं घराचा नंबर घातलेला. आता हे दोन तक्ते एकमेकांना जोडून बघ, असं कॉम्प्युटरला लिहून सांगावं लागतं, त्याला क्वेरी म्हणतात. लेकींच्या तक्त्यातून तिचं नाव आणि सासरचा पत्ता यायचा, घरांच्या तक्त्यातून माहेरच्या कर्त्याचं नाव. पत्रात मी लिहिलं होतं, ‘आपल्या माहेरी, श्री. अमुक यांच्या घरी आपली उतरण्याची सोय आहे. त्याच घरून आपल्याला वाजतगाजत देवळाकडे नेण्यात येईल.’

पत्रं छापून झाली. मी घड्या घालायला बसले आणि गठ्ठ्यात माझ्या मैतरणीचं पत्र हुडकायला लागले. ते मला सगळ्यात आधी घडी करून बाजूला ठेवायचं होतं.

आम्ही दोघी एका पाटीवर लिहिणाऱ्या. तिला खानापूरच्या पलीकडं दिली, मला गावातच दिली. निघताना रडता रडता मला म्हणाली होती, “तुला बरं हाय बाई, उंबऱ्यातनं हाक मारली की म्हायेर.” पुढं तिचा बाप गेला, आई गेली. एकुलता भाऊ कामाला म्हणून गोव्याला गेला, तो तिकडंच वारला. भावजय पोरं घेऊन तिकडंच राहिली. घराची कौलं भावानं हयातीतच उतरून नेली होती, मातीच्या भिंती पावसात बसल्या, आता त्या जागेवर काजू लावलेत. भाऊ गेल्यापासनं ती गावात आली नव्हती. येणार तरी कशी? आली तर कुणाच्या दारात चप्पल काढणार? कळसाचं पत्र गेलं तर ती येईल, आणि आता नाही आली तर दोघींचीही वयं बघता पुन्हा कधी, हे मनात धरूनच मी ते पत्र हुडकत होते.

पत्र नव्हतं. गठ्ठा उलटा केला, सुलटा केला. आधी प्रिंटरवर संशय घेतला, तो कधी कधी दोन कागद एकदम ओढतो. मग पडद्यावर एकेक पत्र पुढं सरकवून बघितलं, तिथंही नव्हतं. म्हणजे प्रिंटरला उगाच शिव्या घातल्या. मग लेकींचा तक्ता उघडला. तिथं ती होती! नाव, सासर, पत्ता, सगळं जागच्या जागी. तक्त्यात आहे आणि पत्रात नाही, म्हणजे ती मधल्या वाटेत कुठंतरी गळली.

फोनला रेंज आमच्या गोठ्यामागच्या उंचवट्यावरच येते. तिथं जाऊन सुनेला फोन लावला.

“अत्ती, चाळण राहिली असंल बघा कुठली तरी,” ती म्हणाली. आमच्याकडं सासूला अत्ती म्हणतात. “मागं तुम्ही पिनकोड नसलेली नावं बाजूला ठेवली हुती की.”

होतं खरं. चाचणीपुरती घातलेली ती अट मी काढायला विसरले होते. ती काढली, आणि काही राहिलेली पत्रं बाहेर आली. मला वाटलं, सुटलं एकदाचं. पण माझ्या मैतरणीचं त्यातही नव्हतं.

मग मी दुसरं काही सुचेना म्हणून एक केलं. तक्त्यात आहेत पण पत्रात नाहीत अशा सगळ्या लेकींची नावं जुन्या कॅलेंडरच्या मागं लिहून काढली आणि बघत बसले. या सगळ्यांचं एकमेकींशी काय जुळतं? सासरं वेगळी, वयं वेगळी. एक पार लोंढ्याला दिलेली, एक कुंभारवाड्याकडं. मग एकेकीचं माहेर आठवायला लागले. हिचा भाऊ बेळगावात घर बांधून राहिला, इकडं कुलूप. हिच्या आईबापांना दुसरं मूलच नव्हतं. हिचं घर विकलं. आणि माझ्या मैतरणीचं, ते तर तुम्हाला सांगितलंच. काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं. देवळाच्या कामाला ज्या घरातनं माणूस आला तीच घरं दुसऱ्या तक्त्यात होती. बंद घरातनं माणूस कोण येणार?

सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, “व्हय अत्ती, तेच. दोन्हीकडं असंल तरच घे, अशी जोडणी झाल्या तुमची. ती बदला. लेकींचा तक्ता सगळाच्या सगळा घे, घर मिळालं तर जोड, न्हाई मिळालं तर तेवढी जागा मोकळी सोड, असं सांगा त्याला.”

“एवढंच?”

“एवढंच. एक ओळ हाय.”

एक ओळच होती. पण मला ते लागून राहिलं. ज्या लेकीला ‘ये गं’ म्हणून फोन करायला माहेरात कुणी होतं, तिला पत्र नसतं गेलं तरी चाललं असतं. आणि जिला बोलवायला कुणीच उरलं नव्हतं, नेमकं तिचंच पत्र गळलं होतं. कॉम्प्युटरला काय बोलायचं? आपणही असंच जोडत असतो की. लेकीची आठवण तिच्या भावावरनं काढायची, भाऊ नसला की लेकही गेली.

ओळ बदलली. सगळी पत्रं आली. पण आता राहिलेल्या पत्रांत असं यायला लागलं, ‘आपल्या माहेरी, श्री.      यांच्या घरी आपली उतरण्याची सोय आहे.’ मधली मोकळी जागा पडलेल्या दातासारखी दिसायची. सुनेनं त्यालाही उपाय सांगितला. घराचं नाव रिकामं असेल तर ते वाक्यच छापू नको, अशी अट पत्रात घालता येते. घातली. पत्र नीटनेटकं झालं, कुणाला कळणारही नाही की काही गाळलंय.

मालक पडवीत बसून कामट्यांची टोपली विणत होते. त्यांना मी ते पत्र वाचून दाखवलं.

“कसं वाटतंय?”

“तहसीलदाराला धाडल्यावानी.”

“घर न्हाई तिचं, म्हणून ती ओळ काढली.”

“मग ती उतरणार कुठं? ष्टँडावर?”

मी तशीच उठले आणि पंचांच्या घरी गेले. त्यांनी चहा पाजला, ऐकून घेतलं. म्हणाले, “अक्का, शाळेच्या खोल्या हायत की. सतरंज्या घालू. चार दिस काय जड हाय?”

“शाळंत पाव्हणे उतरत्यात. लेक न्हाई.”

“खरं हाय. पण ढोल शाळंपुढं नेऊ काय? नारळ घेऊन म्होरं चालायला भाऊ पायजे. त्यांचा भाऊ मी कुठनं आणू?”

“भावकी हाय की ज्याची त्याची.”

“भावकीचं नाव काढू नको,” ते हसले. “तूच हुडक घरं. मिळाली तर मी न्हाई म्हणत न्हाई.”

मग आम्ही बायका फिरलो. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. बहुतेकांनी विचारल्या विचारल्या व्हय म्हटलं. एकीनं तर मलाच झापलं, “पत्राची वाट कशाला बघताय, मी कवाच सांगितलंय तिला आमच्याकडं ये म्हणून.” अडलं ते माझ्या मैतरणीच्या चुलतभावापाशी. तो अंगणात काजूबिया वाळत घालत होता, मान वर न करताच बोलला.

“तिच्या भावानं कौलं उतरताना मला इचारलं हुतं काय? सामाईक भिंत हुती. माझी भिंत भिजली. तवा कुणाला भावकी आठवली न्हाई.”

“भाऊ गेला रं बाबा. तिचा काय गुन्हा?”

“गुन्हा न्हाई म्हणतो की मी. पण माझ्या दारातनं न्हाई.”

त्याचंही पुरतं खोटं नव्हतं, भिंत खरंच भिजली होती. मी घरी आले आणि मालकांना म्हटलं, तिला आपल्या घरी उतरवू.

“उतरव की. जेवू दे, राहू दे,” ते म्हणाले. “पण आपण तिच्या भावकीतले न्हाई. देवळाला जाताना म्होरं कोण चालणार?”

त्यांनी एक कामटी आत घातली, ओढली, दुसरी घेतली. खाली बघूनच म्हणाले, “तसं म्हणलं तर गावातल्या पोरी म्हंजे सगळ्या भणीच की आमच्या.”

“सगळ्या?”

“एक सोडून. ती बी भण निघाली असती तर बरं हुतं, दिली असती कवाच लांब.”

दुसऱ्या दिवशी सकाळी करंट होता. मी लेकींच्या तक्त्यात एक नवा रकाना घातला, ‘माहेर’. ज्यांना नवी घरं मिळाली त्यांची नावं तिथं भरली, आणि क्वेरीला सांगितलं, या रकान्यात काही असेल तर ते घे, नसेल तर घरांच्या तक्त्यातलं घे. पत्रात घातलेली ती वाक्य गाळायची अट काढून टाकली. मग मैतरणीच्या ओळीवर आले आणि मालकांचं नाव टाईप केलं. त्यांचं नाव मी तोंडानं आजवर घेतलेलं नाही, लग्नातल्या उखाण्याशिवाय. बोटांनी लिहिताना काही वाटलं नाही. पत्र छापून आलं आणि ‘श्री.’च्या पुढं ते नाव दिसलं, तेव्हा मात्र मी ते दोनदा वाचलं.

पत्रं टपालानं गेली. आठवडाभरानं तिचा फोन आला. रेंजसाठी मी फोन घेऊन उंचवट्यावर पळाले.

“नातवानं पत्र वाचून दाखवलं,” ती म्हणाली. आवाज तोच, जरा बसलेला. “माझ्या म्हायेराच्या जागी तुझ्या माणसाचं नाव आलंय गं. तुझा कॉम्प्युटर चुकला काय?”

“आधी चुकला हुता. आता बराबर हाय.”

पलीकडं तिनं नातवाकडनं ती ओळ परत वाचून घेतली.

“त्यास्नी ठावं हाय?”

“त्यांनीच सांगितलं.”

“मग दे त्यास्नी फोन.”

मालकांना हाक मारली. ते फोन कानाला लावून सरपंचापुढं उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. “व्हय... व्हय... बरा हाय मी... काय आणू नको... बरं, आण मग.” फोन माझ्या हातात देऊन ते गोठ्याकडं चालले.

“काय म्हणाली?”

“भावाच्या घरात काय गोड खात्यात ते इचारत हुती.”

ती कळसाच्या आदल्या दिवशी दुपारच्या बसनं आली, डब्यात बेसनाचे लाडू घेऊन. बसमधनं उतरल्यावर आधी काजू लावलेत तिकडं गेली, एकटीच. मी मागं गेले नाही. परत आली ती हातपाय धुवून सरळ माझ्या चुलीपुढं बसली आणि म्हणाली, “वैनी, चहा कर.”

वैनी! मैतरीण होते, भावजय झाले. सकाळी तिची ओटी मलाच भरायची होती. भरताना वर तोंड करून म्हणते कशी, “तांदूळ आखडून घालतीस गं. भावाला सांगीन.”

“सांग. तुझा भाऊ माझं काय ऐकतोय?”

ढोल आमच्या वाडीत वाजायला लागले तेव्हा मला निघावं लागलं. मीही गावची लेकच, मला माझ्या भावाच्या घरून चालायचं होतं. आम्हाला एकच मुलगा, लेक नाही, मालकांनाही बहीण नाही. त्यामुळं लेकीला न्यायला ढोल आमच्या दारात पहिल्यांदाच थांबणार होते, आणि ते बघायला मी तिथं असणार नव्हते. भावाच्या अंगणात उभी राहून मी नुसती ऐकत होते. ढोल थांबले. मग परत वाजायला लागले.

थोड्या वेळानं मिरवणूक वळणावर आली. एकेका घरचा भाऊ आणि त्याच्या मागं लेकी, त्यात आमचे मालक, डोक्याला पटका, नारळ दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. माझ्या पुढून गेले तरी त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बहिणीला देवाला नेताना कुणी इकडंतिकडं बघतं का? त्यांच्या मागं डोक्यावरनं पदर घेऊन ती चालत होती. तिनं मला बघितलं आणि हातानं खुणावलं, पलीकडं सर, आमची वाट सोड. नारळ घेतलेल्या माझ्या भावाच्या मागनं मीही मिरवणुकीत शिरले, तिच्या दोन पावलं मागं.