दुमडलेले कोपरे

ह्यांना पानाचा कोपरा दुमडून पुस्तक मिटायची सवय होती. मी ओरडायचे, "खुणेला एक कागद मिळत नाही का तुम्हाला?" आता ह्यांचं शेवटचं पुस्तक मी वाचते आहे आणि प्रत्येक दुमडलेल्या कोपऱ्याशी थांबते आहे. इथे चहा आला असेल. इथे डोळा लागला असेल.

कादंबरी मात्र भलतीच किचकट आहे. अंतराळयानं काय, तीन-तीन काळ काय, एकाच माणसाची दोन नावं काय! पूर्वी ह्यांचं वाचून झालेलं पुस्तक वाचताना मी अडले की विचारायचे, "अहो, हा आता कोण?" खुर्चीतून उत्तर यायचं, "पुढे वाच, कळेल."

मुलगी फोनवर म्हणते, "आई, नाही कळत तर सोडून दे ना ते." सोडवत नाही.

अर्ध्यावर कोपरे संपले. पुढची पानं हात न लागलेली, करकरीत आहेत. त्यातल्याच एका पानावर, आधी मेलेला कप्तान दार उघडून घरात येतो आणि पाट ओढावा तशी खुर्ची ओढून जेवायला बसतो. कुणालाही नवल वाटत नाही. बायको त्याला वाढते, आणि लेखक खुशाल दुसऱ्या ग्रहावर निघून जातो.

ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग फार राग आला. बाकीचं काही नसतं सांगितलं तरी चाललं असतं. तो परत कसा आला, तेवढं तरी नीट लिहायचं होतं.